काकांचा चेक, माझा चेक

पोकरचा डाव. टेबलावरचं पाचवं, शेवटचं पान उलटलं तेव्हा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १४५ चिप्स होत्या. काकांनी टेबलावर दोन बोटं टेकवली, म्हणजे चेक: काही न लावता पाळी पुढे. पाळी माझी, आणि माझ्यानंतर कुणीच नाही. मी चेक म्हटलं की डाव तिथेच मिटणार, पानं उघडी होणार. बेट लावली तर चिप्स मोजायच्या की पानं टाकायची हे काकांना ठरवावं लागणार. मी आठ-दहा सेकंद घुटमळलो, चेक म्हणालो, पानं उघडली आणि डाव जिंकलो.

यजमान म्हणाला, "मस्त खेळलास." मलाही तसंच वाटलं होतं. घरी येऊन वहीत डाव उतरवताना लक्षात आलं की जिंकलेला हा डाव मी चुकीचा खेळलो. चूक मोठी नव्हती, सरासरीने २४ चिप्सची. पण ती कशातून झाली हे शोधायला मला दोन रविवार लागले.

आधी बैठक कशी ते सांगतो. कर्वेनगरात मित्राच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण शनिवारी रात्री बसतो. पैसे लावत नाही. जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे १८८७ सालापासून आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले. पण आमच्या टेबलावर पैसा नसण्याचं खरं कारण वहिनी आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घरात पैशाचा खेळ नको. हरायचंच असेल तर कामाने हरा." तेव्हापासून महिनाअखेरीस ज्याच्या चिप्स सगळ्यांत कमी, त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, चौघांच्या देखत कप विसळायला लावा, म्हणजे तो ७० चिप्सचा विचार किती गांभीर्याने करतो ते कळेल.

त्या शनिवारी खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि भिडे पूल पाण्याखाली होता. काका नारायण पेठेतून येतात, ते म्हात्रे पुलावरून वळसा घालून भिजत पोचले. काका म्हणजे यजमानाचे सख्खे काका. बँकेतून निवृत्त झालेले, रमी आणि तीनपत्तीत मुरलेले, पोकर मात्र सत्तरीत शिकलेले. त्यांचा स्वभाव या प्रकरणात पानांइतकाच महत्त्वाचा आहे. एक, हातात जोडी असेल तर ती सहजी टाकत नाहीत. "बघू तरी काय आहे तुझ्याकडे" म्हणत चिप्स पुढे सरकवतात. दोन, चांगलं पान लागलं की त्यांना राहवत नाही, लगेच बेट लावतात. तीन, आधी चेक म्हणून नंतर रेझ करणं, म्हणजे समोरच्याने लावलेली बेट वाढवणं, त्यांना फसवणूक वाटतं. "आधी नाही म्हणायचं आणि मग दुप्पट मागायचं, हे काय वधूपक्षाशी बोलणं आहे का?"

आता डाव. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. ब्लाइंड, म्हणजे बटणानंतरच्या दोघांनी आधीच घालायच्या सक्तीच्या चिप्स, ५ आणि १०; प्रत्येकापुढे सुमारे हजार चिप्स. मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर (टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर) प्रत्येक फेरीत शेवटी बोलणारा. हातात इस्पिकचा एक्का आणि बदामचा गुलाम. आधीच्या दोघांनी पानं टाकली, मी ३० केले, स्मॉल ब्लाइंडमधल्या यजमानाने ५ सोडले, बिग ब्लाइंडमधल्या काकांनी आणखी २० घातले. पॉट ६५.

फ्लॉप: चौकटचा गुलाम, किलवरची सत्ती, बदामची तिर्री. काका चेक. मी ४० लावले, काकांनी तेवढेच घालून कॉल केला. पॉट १४५. इथे विचार करण्यासारखं फारसं काही नाही. वरची जोडी, सोबतीला एक्का, आणि समोर सहजी जोडी न सोडणारा माणूस.

टर्न, म्हणजे चौथं पान: इस्पिकचा राजा. काका चेक, मीही चेक.

रिव्हर, म्हणजे पाचवं पान: चौकटची दुर्री. काका चेक.

चेक म्हणताना माझ्या डोक्यात जे चाललं होतं, ते जसंच्या तसं लिहितो: "राजा आला आहे. बेट लावली तर ज्याच्याकडे राजा आहे तोच कॉल करेल. बाकीचे पळतील. मग कशाला? पानं फुकटात बघायला मिळताहेत, बघून घ्यावीत." अर्ध्या तासापूर्वी असाच एक मोठा डाव राजाच्या जोडीपुढे गमावला होता, त्याची जखम ताजी होती. त्या रात्री मला टेबलावरच्या प्रत्येक राजात तोच राजा दिसत होता.

काकांनी पानं उघडली: इस्पिकचा गुलाम आणि इस्पिकची दश्शी. गुलामांची जोडी त्यांचीही, पण सोबतीला माझा एक्का वरचढ. चिप्स माझ्याकडे ओढत असताना काका म्हणाले, "सत्तर टाकले असतेस तरी दिले असते रे."

या एका वाक्यावर लगेच उडी मारायची नाही, हे मी शिकलो आहे. काकांकडे खरोखर राजा निघाला असता तर सगळे म्हणाले असते, वाचलास. एका डावात काय निघालं त्यावरून निर्णय तपासता येत नाही. काकांकडे त्या क्षणी काय काय असू शकलं असतं, त्या सगळ्याची मोजदाद करावी लागते. म्हणून वही.

मोजण्याची रीत सोपी आहे. कुठल्याही जोडीचे, म्हणजे दोन दश्श्या किंवा दोन नव्व्या असे, ६ कॉम्बो, म्हणजे दोन पानांच्या जुळण्या, होतात. दोन वेगळ्या पानांचे १६, त्यातले ४ एकाच रंगाचे. टेबलावर किंवा माझ्या हातात दिसणारी पानं यातून वजा करायची. चारातला एक गुलाम टेबलावर, एक माझ्याकडे, म्हणजे काकांसाठी उरले दोनच. तीन सत्त्या उरल्या, तीन राजे, तीन एक्के.

माझ्यापेक्षा कमी, पण फ्लॉपला ४० देऊन टिकलेले हात आधी मोजले. गुलाम-राणी ८, गुलाम-दश्शी ८, गुलाम-नव्वी ८: एकूण २४. दश्शी, नव्वी, अठ्ठी यांच्या जोड्या प्रत्येकी ६: एकूण १८. एक्का-सत्ती ९, आणि एकाच रंगाच्या अठ्ठी-सत्ती व सत्ती-छक्की प्रत्येकी ३: एकूण १५. सगळे मिळून ५७. त्याखेरीज एकाच रंगातले दश्शी-नव्वी, दश्शी-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी असे १२, जे सिक्वेन्सच्या आशेवर थांबले आणि कोरडेच राहिले. एक्का-गुलाम ६, त्यांच्याशी बरोबरी. छक्की आणि तिच्या खालच्या, तिकडी न झालेल्या जोड्या काका फ्लॉपलाच टाकतात, त्या धरल्या नाहीत.

आता माझ्यावरचे हात. राजा-राणी १२, राजा-दश्शी १२, राजा-गुलाम ६, सत्तीची तिकडी ३, तिर्रीची तिकडी ३. एकूण ३६. एक्का-राजा किंवा राण्यांची जोडी असती तर फ्लॉपआधीच काकांनी रेझ केला असता, त्यांना राहवलंच नसतं.

नुसते आकडे ठेवले तर ५७ विरुद्ध ३६. पण काकांनी रिव्हरवर चेक केलं होतं, आणि नेमकं हेच मी टेबलावर विसरलो. टर्नला मी चेक केलं म्हणजे मी घाबरलो हे काकांना दिसलं होतं. राजा हातात असता तर रिव्हरला त्यांनी स्वतःच ६०-७० पुढे केले असते. दोन जोड्या किंवा तिकडी असती तर नक्कीच. माझ्या अंदाजाने २४ साध्या राजांपैकी फार तर ६ वेळा ते गप्प बसतील, आणि मोठ्या हातांतले ३ धरू. म्हणजे चेकनंतर माझ्यावरचे उरले ९. काकांच्या चेकमध्ये बातमी होती आणि मी ती वाचलीच नाही. मी राजाकडे बघत होतो, काकांच्या बोटांकडे नाही.

पुढचा प्रश्न, बेट लावली तर कॉल कोण करेल? सत्तर धरू, पॉटच्या निम्म्याच्या आसपास. काकांना ७० देऊन २१५ मिळवायचे आहेत. म्हणजे चारात एकदा जिंकले तरी त्यांचा कॉल जवळपास वसूल. गुलामवाले २४ च्या २४ कॉल करतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जोड्यांपैकी अर्धे, ९. सत्तीवाल्यांपैकी तिसरा हिस्सा, ५. माझ्यापेक्षा कमी असून कॉल करणारे ३८. माझ्यावरचे ९. बरोबरीत ६, त्यांनी काही बदलत नाही.

अडतीस वेळा ७० मिळाले, नऊ वेळा ७० गेले. फरक २९ वेळचा, म्हणजे २,०३० चिप्स. काकांच्या सगळ्या ८४ शक्यतांवर वाटले तर दर खेपेला सुमारे २४. मी चेक केलं तेव्हा एवढे टेबलावर सोडून आलो.

यातली गोम बहुतेकांना उलटी वाटते. शेवटी बोलणाऱ्याने रिव्हरला बेट लावताना "मी पुढे आहे का" हा प्रश्न विचारायचा नसतो. "कॉल करणाऱ्यांत मी निम्म्याहून जास्त वेळा पुढे आहे का" असा विचारायचा. पळून जाणाऱ्यांचा हिशेबच धरायचा नाही; ते चेकनेही हरणारच होते. माझं तेव्हाचं वाक्य, "ज्याच्याकडे राजा आहे तोच कॉल करेल", याच प्रश्नाचं उत्तर होतं. उत्तर चुकीचं होतं, इतकंच. ते एखाद्या सावध खेळाडूबद्दल खरं ठरलं असतं. दश्शीची जोडी घेऊनही "बघू तरी" म्हणणाऱ्या काकांबद्दल ते खरं असणं शक्यच नव्हतं.

माझे अंदाज चुकले असतील, हे मान्य. म्हणून उलटं करून पाहिलं. काकांनी त्या रात्री अचानक स्वभाव बदलून सगळे राजे, सगळ्या तिकड्या दडवून ठेवल्या असं धरलं, तरी माझ्यावरचे ३६ आणि कॉल करणारे कमी हात ३८. राजा-सत्तीसारखे एक-दोन हात राहून गेले असतील, ते वर टाकले तर पारडं सपाट. म्हणजे माझा अंदाज सपशेल फसला तरी बेट जवळजवळ फुकटात पडत होती. हे पाहिल्यावर मला खरी चुटपुट लागली.

किती लावायचे, हाही प्रश्न होताच. तीस लावले तर जवळपास सगळे कॉल करतील, समजा कमी हातांतले ५०; नफा सरासरी १५ च्या आत. एकशेवीस लावले तर गुलामवालेही बिचकतील, समजा कमी हातांतले २० राहतील. नफा १६ च्या आसपास. सत्तर मधोमध चांगले बसतात. हे काकांपुरतं. साठ की ऐंशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही; यजमानाने घातला, अर्धा तास.

टर्नच्या चेकबद्दल मात्र माझ्या मनात फारशी खंत नाही. तिथे टेबलावर चारही रंगांचं एकेक पान होतं, म्हणजे फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) भीती शून्य. काकांकडे दश्शी-नव्वी असती तर सिक्वेन्सला ४४ पानांतली ८ चालणार, चार राण्या आणि चार अठ्ठ्या, १८ टक्के. राणी-दश्शी असती तर उरलेले तीन एक्के आणि चार नव्व्या, १६ टक्के. एवढं फुकट पान देणं परवडतं, आणि चेकमुळे रिव्हरला गुलामवाल्यांना धीर येतो. फ्लॉपलाच दोन बदाम असते, त्यात सिक्वेन्सलाही दोन्ही बाजूंनी वाट असती, तर टर्नला चेक करणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. काकांसारख्या कॉल करणाऱ्यापुढे टर्नलाही लावायलाच हवं होतं असं यजमान म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी पोकरचं एक छोटं प्रारूप गणिताने सोडवलं होतं; १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत लिहिलेल्या ग्रंथात त्याची मांडणी आहे. उत्तर थोडक्यात असं: सगळ्यांत चांगल्या हातांनी बेट लावा, सगळ्यांत वाईट हातांतल्या काहींनीही लावा, मधल्यांनी चेक करा. वाईट हाताला चेक करून काही मिळत नाही, म्हणून तो ब्लफला उपयोगी. मधल्या हाताला पानं उघडली तर बरंच काही मिळतं, आणि बेट लावली तर कमी हात पळतात, वरचे थांबतात. मी हे कुठेतरी वाचलेलं होतं आणि त्या रात्री त्याचाच आधार घेतला: राजा आल्यावर गुलामाची जोडी म्हणजे मधला हात, म्हणून चेक. पण मधला कुणाच्या मधला? मी टेबलावरची पानं बघून मध्य ठरवला. तो समोरचा काय काय घेऊन कॉल करतो त्यावरून ठरतो. फॉन नॉयमन यांच्या प्रारूपात समोरचाही हिशेबानेच खेळतो. ते नारायण पेठेतल्या काकांशी कधी खेळले नव्हते.

आता काकांच्या खुर्चीत वहिनींना बसवून बघा. पानं तीच, पॉट तोच. वहिनी घरखर्चाची वही जशी ठेवतात तशाच पत्ते खेळतात. दिसत काहीच नाही, हिशेब मात्र चोख. राजा लागला तर त्या रिव्हरला चेक करून वाट बघू शकतात. म्हणजे माझ्यावरचे ३६ च्या ३६ शाबूत. दश्श्या-नव्व्यांच्या जोड्या त्या मुकाट टाकतात. कॉल करणारे कमी हात उरतात गुलामवाले २४ आणि इकडचे तिकडचे ४, एकूण २८. आठ वेळचा तोटा, गुणिले सत्तर, साडेपाचशेहून जास्त चिप्स उणे. वर आणखी एक धोका: कोरड्या हातानेही त्या रेझ करतील, मी पानं टाकीन आणि उघडली असती तर माझे झालेले १४५ सुद्धा जातील. काकांपुढे जो चेक चूक होता, तोच इथे बरोबर.

हे सगळं मी वहीत नीट लिहून काढलं होतं, वहिनींचा परिच्छेदसुद्धा. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी बटणावर, हातात राजा-राणी, बिग ब्लाइंडमध्ये वहिनी. फ्लॉपला राणी, टर्नला एक्का, दोघांचं चेक, रिव्हर निरुपद्रवी. वहिनी चेक. पॉट पुन्हा १४५ च्या आसपास. आणि माझ्या कानात काकांचं वाक्य घुमलं, "सत्तर टाकले असतेस तरी दिले असते रे." मी ७० लावले.

वहिनींनी चहाचा एक घोट घेतला आणि २२० केले.

आणखी १५० द्यायचे, मिळवायचे ४३५. चारात एकदाहून थोडं जास्त जिंकलो तरी पुरे. वहिनी चारात एकदा उगाच रेझ करतात का? माझ्या वहीत काकांची सहा पानं भरली आहेत. वहिनींच्या नावावर त्या दिवसापर्यंत अडीच ओळी होत्या, कारण त्या क्वचितच पानं दाखवतात. मी दोन मिनिटं विचार केला आणि पानं टाकली. त्यांनी आपली पानं पालथीच गड्डीत सारली.

त्या महिन्याचे कप माझ्याकडे आले. सिंकपाशी उभा असताना वहिनी डबा ठेवायला आत आल्या, तेव्हा मी विचारलंच, "वहिनी, खरं सांगा, एक्का होता का?"

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेला कप ओलेच पालथे घातले होते तुमच्या मित्राने. तुम्ही पुसून ठेवा."